थ्रॉटल कुणाच्या हातात?

मार्च २०१७ मधला तो वीकएन्ड. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर टेकायला जागा नव्हती. समोर आपल्या अरबी समुद्रात चक्क पॉवरबोटींची रेस! ऑफिसातले आम्ही पाच जण, हातात भेळेचे कागद, आणि पुढ्यात पाण्याला जेमतेम शिवत सुसाट सुटलेल्या बोटी. लाटेवर आपटायच्या, हवेत उडायच्या, परत आपटायच्या. बघतानाच पाठीचे मणके दुखायला लागले.

मला रेसिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रत्येक टीममध्ये एक स्पीडवेडा असतोच. आमच्या टीमवाल्याने तिथल्या तिथे क्लास घेतला. रॅलीतला आपला गौरव गिल म्हणे या रेसमध्ये उतरला होता. तोच, ज्याला पुढे २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. म्हणजे आयुष्यभर माती-धुळीत गाडी पळवणारा माणूस पाण्यात! शिवाय या बोटींत एकटा कुणीच नसतो, दोघं असतात. एक चालवतो, दुसरा दिशा आणि आजूबाजूच्या बोटी सांगतो. जगातल्या सगळ्यात दांडग्या, क्लास वन बोटींमध्ये तर एकाच्या हातात फक्त स्टिअरिंग आणि दुसऱ्याच्या हातात फक्त थ्रॉटल. बोट लाटेवरून हवेत गेली की पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन भणाणतं. त्या क्षणी थ्रॉटलवाल्याने जोर कमी केला नाही, तर रेस खलास.

‘म्हणजे जिंकायचं असेल तर वेग कुठे सोडायचा ते कळायला पाहिजे,’ मी म्हटलं.

‘एक्झॅक्टली!’ स्पीडवेडा खूश.

संध्याकाळी घरी फोन लावला. आप्पांना बोटींचं वर्णन करून सांगणार होते. त्यांनी आधीच सांगितलं, ‘बोअर कोरडं गेलं. नुसता फुफाटा निघाला.’ समोर एवढा समुद्र पसरलेला, आणि मी काय बोलावं? त्या बोअरसाठी मी पहिल्या बोनसमधले सगळे पैसे पाठवले होते. गोव्याची ट्रिप रद्द करून.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरमध्ये आप्पांचा परत तसाच फोन आला. ‘बाई, आणखी एक बोअर घेऊ म्हणतो. या वेळी खोल जाऊ.’ एव्हाना मी पुण्यात होते, पगार बरा होता, पर्सनल लोन एका एसएमएसवर मिळत होतं. हो म्हणणं सोपं होतं. पण कोरड्या बोअरचा हप्ताही तेवढाच येतो, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, ‘आप्पा, देते. पण आधी एक दिवस माझ्याबरोबर चला. हिवरे बाजारला.’

फोनवर बराच वेळ शांतता. मग, ‘तिथं काय बघायचंय? त्यांचं वेगळं हाय. त्यांना पोपटराव मिळाले.’

नाव ऐकलंय, पाहिलंय कुणी?

गंमत बघा. आमचं गाव नगर जिल्ह्यातलंच. हिवरे बाजारचं नाव आप्पांनी हजारदा ऐकलेलं, पेपरात वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं. पण गेले एकदाही नव्हते. माझंही तेच. महाबळेश्वर चार वेळा, बँकॉक एकदा, हिवरे बाजार शून्य. तुमचा स्कोअर काय?

शनिवारी पहाटे पुणं सोडलं. रांजणगावच्या गणपतीला हात जोडले, शिरूरच्या पुढे घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा सुरू. सुप्याला एमआयडीसीच्या शेड्स मागे पडतात आणि मग तो आमचा ओळखीचा देखावा : बोडके डोंगर, मुरमाड माळ, मध्येच एखादी बाभूळ. आप्पांना सुप्याच्या स्टँडवरून उचललं. पांढरा शर्ट, इस्त्रीची टोपी, म्हणजे पाहुण्याच्या गावाला जायची पूर्ण तयारी. पण चेहरा असा, की मुलीच्या हट्टापायी आलोय.

नगरच्या (आता अधिकृतपणे अहिल्यानगरच्या) पश्चिमेला साधारण सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. मुंबईत जुलैमध्ये एखादा वाईट दिवस उजाडला, तर तेवढा दोन दिवसांत पडून जातो. इथे तेवढ्यावर वर्ष काढायचं.

गाव जवळ आलं तसं आप्पा काचेला नाक लावून डोंगर बघायला लागले. मला आधी कळेना काय बघतायत. मग लक्षात आलं. डोंगर हिरवे होते. ऑक्टोबर संपत आलेला, आणि उतारावर गवत उभं होतं. ‘चरायला सोडत न्हाईत,’ आप्पा स्वतःशीच पुटपुटले.

रणजीचं स्वप्न आणि सरपंचाची खुर्ची

आता जरा त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे ‘त्यांचं वेगळं आहे’ असं सगळे म्हणतात. पोपटराव पवार. २०२० सालचे पद्मश्री. पण मला त्यांच्या गोष्टीत सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो त्याच्या आधीचा भाग, कारण तो आपल्यासारख्यांचा आहे. करिअरचा.

हा माणूस क्रिकेटर होता. रणजीपर्यंत जायचं स्वप्न होतं. एम.कॉम. केलेलं, गावातला एकमेव पोस्ट ग्रॅज्युएट. घरच्यांची अपेक्षा काय असणार? मुलाने शहरात राहावं, खेळावं, नोकरी करावी, सेटल व्हावं. १९८९ मध्ये गावातल्या तरुण पोरांनी आग्रह धरला, तू सरपंच हो. घरच्यांना ते पटण्यासारखं नव्हतंच. निवडणूक मात्र बिनविरोध झाली, आणि ते गावात थांबले.

तेव्हाचं गाव म्हणजे? एके काळी पैलवानांसाठी ओळखलं जाणारं. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि सगळं घसरत गेलं. डोंगरावरची झाडं चुलीत गेली. विहिरी आटल्या. धडधाकट माणसं मुंबई-पुण्याला मजुरीला. मागे राहिलेल्यांच्या सोबतीला हातभट्ट्या, एका छोट्या गावात बावीस! सरकारी नोकरांना इथली बदली म्हणजे शिक्षा. १९९५ मध्येसुद्धा १८० च्या आसपास कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती.

विचार करा. तुमच्या हातात डिग्री आहे, अंगात खेळ आहे, आणि लोक म्हणतायत, या पिचवर खेळ. मी असते तर पहिली एसटी पकडली असती. किंबहुना मी पकडलीच. बारावीनंतर.

चर, बांध आणि पाच ‘बंदी’

गावात शिरताना नजरेत भरते ती स्वच्छता. रस्ते झाडलेले, कुठे उकिरडा नाही, भिंती नीट रंगवलेल्या. आम्हाला गाव दाखवायला आलेले काका साठीचे. शेती करतात, कांदा आणि दूध. त्यांनी आधी आम्हाला डोंगराकडे नेलं. मला वाटलं, धरण-बिरण दाखवतील. त्यांनी दाखवला चर. म्हणजे उतारावर आडवा खणलेला लांबट खड्डा. मग आणखी एक. मग आणखी एक.

फंडा अगदी सोपा आहे. पाऊस डोंगरावर पडतो आणि पळत सुटतो. पळता पळता माती घेऊन जातो. त्याला जागोजागी अडवा. चरात पाणी साचतं, जमिनीत मुरतं, खालच्या विहिरीला हळूहळू मिळतं. डोंगरउतारांवर असे सुमारे ४० हजार चर आहेत. शिवाय नाल्यांवर मातीचे आणि दगडी बांध, पाझर तलाव. यातलं बरंचसं काम रोजगार हमीच्या पैशातून आणि श्रमदानातून झालं. १९९४ मध्ये गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं आणि कामाला वेग आला. योजना होती, तशी ती इतरही गावांना होती. हे वाक्य आप्पांनी फार लक्ष देऊन ऐकलं.

पण नुसत्या चरांनी भागत नाही. वर बकऱ्या सोडल्या, झाडं तोडली, तर चर दोन पावसांत बुजतात. म्हणून गावाने स्वतःला नियम लावून घेतले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे त्यात शेतीसाठीच्या बोअरवेलवरची बंदी आणि लोटाबंदीही आली. ऊस आणि केळी यांसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही.

‘बोअर नाहीच?’ आप्पांनी काकांना विचारलं.

‘पिण्यासाठी आहे. शेतीला नाही.’

‘आन एखाद्यानं घेतलंच तर?’

काका हसले. ‘दादा, बोअर माझ्या रानात असतंय, पण पाणी शेजारच्याच्या विहिरीचं असतंय. मी खोल गेलो की तो कोरडा. मग तो आणखी खोल जाणार. शेवटी दोघं कर्जात. हे आम्ही आधीच भोगून बसलोय.’

आप्पा काही बोलले नाहीत. मला आमच्या रानातली दोन कोरडी भोकं आठवली. आणि शेजाऱ्याची तीन.

पाण्याचं बजेट

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी म्हणेन की प्रत्येक एमबीएवाल्याने इथे एक चक्कर मारावी. आपण घरचं बजेट करतो, कंपनीचं करतो. हे गाव पाण्याचं करतं, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून दर वर्षी न चुकता.

पावसाळ्यात रोजचा पाऊस मोजायचा. विहिरींची पातळी मोजायची. त्यातून या वर्षी गावाकडे एकूण पाणी किती, हा आकडा निघतो. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग रोजच्या वापराचं. जे उरलं त्यातलं सत्तर टक्के शेतीला आणि तीस टक्के जमिनीतच ठेवायचं. म्हणजे एफडी! मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर आकडे मांडायचे आणि ठरवायचं, की यंदा कुठलं पीक आणि किती. पाऊस बरा झाला, तर कांदा आणि भाजीपाला. कमी झाला, तर हात आखडता. ज्वारी-मूग बरा. आणि हा हिशेब लपवून ठेवायचा नाही, सगळ्यांना दिसेल असा लावायचा.

मी त्या हिशेबापुढे उभी होते आणि मला एकदम मरीन ड्राइव्ह आठवलं. स्टिअरिंग एकाच्या हातात, थ्रॉटल दुसऱ्याच्या. इथे दिशा दाखवणारा माणूस आहे, नक्कीच आहे. पण जोर कधी द्यायचा आणि कधी सोडायचा, ते ग्रामसभेच्या हातात आहे. आणि जोर सोडायची वेळ आली, की आकडा ते सांगतो, कुणा एकाची मर्जी नाही.

निकाल? विहिरी ९० च्या २९४ झाल्या. दूध दिवसाला दीडशे लिटरवरून चार हजारांपर्यंत गेलं. २०१० पर्यंत दारिद्र्यरेषेखाली उरली फक्त तीन कुटुंबं. आणि मला सगळ्यात भिडलेला आकडा : १९९२ ते २००२ या दहा वर्षांत मुंबई-पुण्याला गेलेली चाळीस कुटुंबं परत आली. सुट्टीला नाही, राहायला. आपल्यातले किती जण दर दिवाळीला ‘एक दिवस गावी परत जाणार यार’ म्हणतात, आणि सोमवारी लॉग-इन करतात?

सगळंच गुडी गुडी?

नाही. आणि मला तसं लिहायचंही नाही. काही गोष्टी ऐकून मी जरा थबकले. उदाहरणार्थ, लग्नाआधी एचआयव्ही चाचणी करायची, असा गावाचा ठराव आहे. हेतू समजतो, त्या पिढीने शहरातून येणारे आजार पाहिलेत. पण माझ्या रिपोर्टबद्दल गावाने ठरवावं? शहरात वाढलेल्या मनाला ते पटकन पचत नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हेही तसंच. गाव वाचतं हे खरं, पण अडीअडचणीला जमीन विकावी लागली, तर गिऱ्हाईक गावातच शोधायचं. दुसरीकडे हेही खरं, की गावात एकच मुस्लिम कुटुंब, तरी त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली. माझ्या सोसायटीत पार्किंगच्या एका जागेवरून तीन वर्षं केस चालू आहे.

आणखी एक. एकच माणूस तीस वर्षं पुढे असला की प्रश्न येणारच. २०२१ च्या जानेवारीत तो आलाही. तीस वर्षांत पहिल्यांदा इथे ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. म्हणजे विरोधात उभं राहायला कुणीतरी तयार झालं. पोपटरावांच्या पॅनेलने सातच्या सात जागा जिंकल्या. काही लोकांना वाईट वाटलं की बिनविरोधची परंपरा मोडली. मला उलट बरं वाटलं. बिनविरोधपेक्षा मोजून घेतलेली मतं जास्त भरवशाची. पाणी मोजणाऱ्या गावाला हे मी सांगायला नको. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट सगळीकडे थैमान घालत असताना, हे गाव कोरोनामुक्त झाल्याची बातमी राज्यभर गाजली. तिथेही पद्धत तीच होती : घरोघरी तपासायचं, मोजायचं, वेळेत बाजूला करायचं.

परतीचा रस्ता

दुपारी काकांनी त्यांच्या विहिरीवर नेलं. उघडी, दगडात बांधलेली विहीर. आप्पा काठावर गुडघे टेकून खाली वाकले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मी लहान असताना आमच्या विहिरीतही असं पाणी होतं. आप्पांनी मला पोहायला तिथेच शिकवलं होतं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्या विहिरीत आता आम्ही कडबा टाकतो.

काकांनी चहा पाजला. निघताना आप्पांनी त्यांना विचारलं, ‘सुरुवातीला किती जण होते तुमच्या बाजूनं?’

‘थोडेच,’ काका म्हणाले. ‘बाकीचे बघत होते. म्हणत होते, पोरगं क्रिकेट खेळायचं सोडून हे काय करतंय.’

गाडीत आप्पा नगर बायपास येईपर्यंत गप्प. मला वाटलं, आता म्हणतील, त्यांचं वेगळं हाय. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की योजना सगळ्यांना होती, डोंगर आपल्याकडेही आहेत, पाऊस तेवढाच पडतो. सुप्याजवळ त्यांनी तोंड उघडलं.

‘ते पाऊस मोजायचं भांडं केवढ्याला मिळतं?’

‘बघते आप्पा. फार नसेल.’

‘मग बोअरचं ऱ्हाऊ दे यंदा.’ थोड्या वेळाने, ‘आधी बघू तरी, किती पडतो ते. आजवर नुसतं कमी पडला, कमी पडला म्हणत आलो.’

पर्जन्यमापक मी त्याच रात्री मागवला. लोनचा एसएमएस डिलीट केला. आता पावसाळ्यात रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो : नळी, त्यातलं पाणी, आणि शाळेच्या वहीत आप्पांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेला आकडा. कधी चार मिलिमीटर, कधी शून्य. शून्याचाही फोटो येतो.

गावाने अजून काहीही ठरवलेलं नाही. पारावर आप्पांची थट्टा होते, हे मला आईकडून कळतं. शेजाऱ्याने चौथं बोअर घेतलंय. एकट्या आप्पांच्या वहीने विहीर भरणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण परवाच्या फोटोखाली एक ओळ जास्त होती : ‘वरच्या आळीतले दोघे वही बघून गेले.’

कसं जाल?

पुण्याहून नगर रस्त्याने रांजणगाव, शिरूर, सुपे मार्गे अडीच ते तीन तास. नगरहून सतरा किलोमीटर. मुंबईकरांनी कल्याण-नगर रस्ता धरला, तर माळशेज घाट बोनस! पावसाळा संपता संपता गेलात, तर डोंगर हिरवे आणि बांधांमध्ये पाणी दिसतं. पण खरं शिकायचं असेल, तर एप्रिल-मेमध्ये जा आणि येताना आजूबाजूचा माळही बघा. जाण्याआधी ग्रामपंचायतीला कळवा, गाव दाखवायला माणूस मिळतो. हे पिकनिक स्पॉट नाही, लोकांचं राहतं गाव आहे, तेव्हा प्लास्टिक आणि बाटल्या घरीच ठेवा. आणि जमलं तर एकट्याने जाऊ नका. गावाकडून बोअरसाठी ज्यांचा फोन येतो, त्यांना बरोबर घेऊन जा.